गोल चट्टा दिसला की लगेच नायट्याची ट्यूब लावू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात पावसाळ्यातल्या कातडीच्या रोगांवर माहिती आली होती. ओले कपडे अंगावर ठेवू नका, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, नायटा अंगावर काढू नका, सगळं बरोबरच होतं, पण त्यात मध्येच एक वाक्य होतं की अंगावर गोल चट्टा दिसला तर तो नायटा समजावा, आणि ते वाचून मी शिवणाचं मशीन थांबवलं. कारण हेच धरून आम्ही घरच्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या हाताला साडेचार महिने नको ती औषधं चोळली. तिला नायटा नव्हताच. जे होतं त्याला ग्रॅन्युलोमा ॲन्युलेर म्हणतात, ते कुणाला लागणारं नव्हतं, त्यानं तिला काही अपाय होणार नव्हता आणि काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, घरीच शिवणकाम करते. मागच्या दिवाळीत पहिल्या अंघोळीला उटणं लावताना मला ते पहिल्यांदा दिसलं. डाव्या हाताच्या पंजावर, वरच्या बाजूला, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या सांध्याखाली, एक रुपयाच्या नाण्याएवढं गोल. कडेनं बारीक बारीक टणक पुळ्या एकीला एक चिकटून, ब्लाउजच्या गळ्याला आपण मण्यांची लेस लावतो ना अगदी तशी, आणि मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखीच, जराशी दबलेली. रंग थोडा लालसर. खाजतं का विचारलं तर नाही म्हणाली. दुखतं का, तर नाही. कधीपासून आहे, तर तिलाच माहीत नव्हतं. आता कळतं की त्या दोन-तीन उत्तरांतच निम्मं निदान होतं, पण त्या वेळी आम्हाला फक्त त्याचा गोल आकार दिसला.

सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की गजकर्ण आहे. मिस्टरांनी फोटो काढला, कामावरून येताना मेडिकलमध्ये दाखवला आणि एक ट्यूब घेऊन आले, सकाळ-संध्याकाळ चोळा, आठ दिवसांत जाईल. आणि खरंच दहा-बारा दिवसांत तो गोल बसला हो! पुळ्या चपट्या झाल्या, लाली गेली, आम्हाला वाटलं झालं बरं. ट्यूब बंद केली तर तीन आठवड्यांत परत वर आला, आधीपेक्षा थोडा मोठा. मग परत ट्यूब. परत बसला, परत आला. असं करत करत चार ट्यूबा संपल्या, आणि प्रत्येक वेळी मेडिकलवाल्यानं एकदाही विचारलं नाही की ही आधी किती दिवस लावली आणि चिठ्ठी कुठंय.

मध्ये घरचे उपायही चालूच होते. आत्यांनी टाकळ्याचं बी वाटून लावलं, कडुलिंबाच्या पाण्यानं हात धुतला. त्यांचा जीव आहे नातीवर, त्यांना मी दोष देणार नाही. पण शेजारच्या एक बाई म्हणाल्या बिब्ब्याचा चटका द्या, मुळासकट जाईल, तेव्हा मात्र मी ठाम नाही म्हटलं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, जखम होते आणि डाग कायमचा राहतो, लहान पोराच्या अंगाला तर ते लावूच नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

संक्रांतीनंतर शाळेतही ही गोष्ट पोचली. शाळा कुठली ते लिहीत नाही, गाव लहान आहे आणि बाई मनानं वाईट नाहीत, कुणा पालकानं त्यांच्याकडं तक्रार केली होती की त्या मुलीला नायटा आहे, आमच्या पोरांना लागेल. मग तिला वेगळ्या पट्टीवर बसवलं, दाराजवळ. दुपारच्या खिचडीलाही वेगळी. घरी येऊन तिनं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली आई माझ्या ड्रेसची बाही लांब कर. मी म्हटलं कशाला, उन्हाळा येतोय. तर म्हणाली अशीच, बोटापर्यंत येऊ दे. मी जुना काठ उसवून बाहीला चार बोटं कापड जोडलं, मशीनवर बसून जोडत असतानाच माझ्या लक्षात आलं की ती हात लपवतेय. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विचारलं तेव्हा सगळं कळलं. दोन महिने ती अशी बसली होती.

आणि गावात कुजबुज सुरू झाली होती ती वेगळीच. एवढी औषधं लावून जात नाही म्हणजे हा महारोग तर नसेल? मला रात्री झोप लागेना. त्याच सुमाराला आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेत घरोघरी तपासत आमच्याकडं आल्या. मी दार लावून घेऊन त्यांना हात दाखवला. त्यांनी काय केलं ते मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणालाही समजेल असं आहे. लेकीला डोळे मिटायला सांगितले, पेनाचं टोक अगदी हलकं त्या गोलावर टेकवलं आणि म्हणाल्या, जिथं लागेल तिथं बोट ठेव. तिनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. मग गोलाच्या बाहेर, मग मध्ये, मग कडेवर, असं सात-आठ वेळा केलं, एकदाही चुकली नाही. ताई म्हणाल्या, इथं स्पर्श शाबूत आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा बधिरपणा असतो, स्पर्श, गरम-गार नीट कळत नाही, पण शेवटचं डॉक्टर बघूनच सांगतील, मी चिठ्ठी देते, जिल्ह्याच्या ठिकाणी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

इथं एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. समजा तिला कुष्ठरोग असता, तरी त्यात लपवण्यासारखं काय होतं? सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात, कमी चट्टे असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर बारा महिने, आणि माणूस पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागायचाही थांबतो. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं त्याला पाऊणशे वर्षं होत आली, तरी आमच्या गल्लीत अजून महारोग हा शब्द आवाज खाली करूनच बोलला जातो. लोक भीतीनं चट्टा लपवतात, उशिरा जातात आणि मग बोटं वाकडी होतात. म्हणून चट्टा बधिर वाटला तर त्याच आठवड्यात दाखवा.

तर आम्ही मार्चच्या मध्यावर पहाटेची एसटी पकडून गेलो. डॉक्टर मॅडमनी आधी ट्यूब मागितली. मी रिकामी ट्यूब पिशवीत घातली होती ते बरं झालं. त्यांनी त्यावरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली, क्लोबेटासोल, त्याच्याबरोबर बुरशीचं एक औषध आणि जंतूंचं एक औषध. स्टेरॉइड म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध, आणि क्लोबेटासोल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल गटातलं. मग भिंगाच्या टॉर्चनं हात बघितला, दोन बोटांनी कातडी ताणली, तर त्या कडेच्या पुळ्या एकदम सुट्या सुट्या उठून दिसल्या, प्रत्येक मणी वेगळा. वरून बोट फिरवायला लावलं मला. म्हणाल्या, खवले लागतात का? भुकटी पडते का? काहीच नाही, गुळगुळीत. नायट्याची कड खरखरीत असते, नखानं खरवडली की पांढरा कोंडा निघतो, कारण बुरशी कातडीच्या अगदी वरच्या थरात राहते. हिचं जे आहे ते खालच्या थरात आहे, वरचा थर साफ आहे.

तरीसुद्धा त्यांनी तपासणी केली, म्हणाल्या स्टेरॉइड लावल्यावर नायट्याचं रूप बदलतं आणि भल्याभल्यांना फसवतं, म्हणून खात्री करून घेऊ. ब्लेडच्या बोथट कडेनं अगदी हलकं खरवडलं, रक्त नाही काही नाही, ते काचपट्टीवर घेतलं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, जरा ऊब दिली आणि थोड्या वेळानं मायक्रोस्कोपखाली बघितलं. त्या थेंबानं कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे तेवढे उरतात. धागे नव्हते. एवढीच ती तपासणी, कसली महागडी मशीन नाही, रक्त काढायचं नाही.

मग त्यांनी नाव सांगितलं, ग्रॅन्युलोमा ॲन्युलेर. मी वहीत लिहून घेतलं. ॲन्युलेर म्हणजे अंगठीच्या आकाराचं. हे काही नवीन नाही, १८९५ साली लंडनच्या कॉलकॉट फॉक्स नावाच्या डॉक्टरांनी बोटांवर उठणारे असे गोल पहिल्यांदा लिहून ठेवले आणि १९०२ मध्ये रॅडक्लिफ क्रॉकर यांनी त्याला हे नाव दिलं. म्हणजे सव्वाशे वर्षं डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट, आणि आमच्या गावात कुणी ऐकलेलंही नाही. मला समजलं ते असं की शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी कातडीच्या मधल्या थरात एका जागी गोळा होतात, तिथले कोलॅजनचे, म्हणजे कातडीला बळकटी देणारे, धागे थोडे बिघडतात, आणि वरून तो टणक मण्यांचा गोल दिसतो. का होतं हे अजून डॉक्टरांनाच पक्कं माहीत नाही, कुणाला किडा चावल्यावर, कुणाला खरचटल्यावर सुरू झालेलं दिसतं, बऱ्याच जणांना काहीच निमित्त नसतं. हा जंतू नाही, बुरशी नाही, कॅन्सर नाही, अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं मी मॅडमना दोनदा विचारलं. त्यांनी केस पेपरवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, संसर्गजन्य नाही, शाळेत सगळ्यांबरोबर बसू द्यावे. तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय.

लहान मुलं, तरुण आणि त्यातही बायकांमध्ये हे जास्त दिसतं. हाताच्या पंजाची वरची बाजू, बोटं, पावलाची वरची बाजू, घोटा, कोपर, या त्याच्या आवडत्या जागा. तुकडा काढून तपासायची वेळ क्वचित येते, म्हणजे दिसण्यावरून शंका राहिली तरच, आमच्या लेकीचा नाही काढला.

आता औषधाचं. मी विचारलं मॅडम मग औषध कोणतं, तर त्या म्हणाल्या काहीच नाही, वाट बघा. साडेचार महिने धावपळ केल्यावर हे ऐकून मला आधी पटलंच नाही. पण त्यांनी समजावून सांगितलं की एकाच जागेवरचा असा गोल साधारण निम्म्या लोकांचा दोन वर्षांच्या आत आपोआप जातो आणि मागं डाग किंवा व्रण ठेवत नाही. पुष्कळांना परत येतो, बहुतेक वेळा त्याच जागी, तेव्हा घाबरायचं नाही. दिसायला नको वाटत असेल, मोठ्या माणसाला लग्नकार्यात लाज वाटत असेल, तर उपाय आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे कडक मलम, किंवा त्या कडेमध्ये थोडं थोडं स्टेरॉइडचं इंजेक्शन, किंवा लिक्विड नायट्रोजननं गोठवणं. पण आपल्या सावळ्या कातडीवर गोठवल्यानंतर पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो, आणि इंजेक्शननं कातडी खड्ड्यासारखी दबू शकते. ज्या गोष्टीनं काही त्रासच नाही तिच्यासाठी लहान पोरीच्या हाताला डाग कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

अंगभर असे गोल उठले, तर मात्र गोष्ट वेगळी. हे जास्त करून मोठ्या माणसांत होतं, लवकर जात नाही, आणि त्यांना डॉक्टर साखर तपासायला सांगतात, कधी थायरॉईड आणि कोलेस्टेरॉलसुद्धा. त्यांच्यासाठी प्रकाशाचे उपचार आहेत, पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, ते सगळं तज्ज्ञाच्याच हातानं.

तुम्ही म्हणाल स्टेरॉइड हाही यावरचा एक उपाय आहे, मग ट्यूबमध्ये तेच होतं तर बिघडलं कुठं? हाच प्रश्न मिस्टरांनी विचारला. मॅडमनी लेकीचा हात उजेडात धरला आणि गोलाच्या भोवतीची कातडी दाखवली. पातळ, चकचकीत, कागदासारखी सुरकुतलेली, त्यात लाल बारीक शिरा दिसतायत आणि रंग आजूबाजूपेक्षा फिका. हे त्या रोगानं झालेलं नव्हतं, आमच्या ट्यूबनं झालं होतं. आम्ही गोल सोडून भोवतीनंही चोळत होतो, पसरू नये म्हणून, दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने. रोग आपला आपण गेला असता, ही खूण आम्ही तयार केली. आणि समजा खरोखर नायटा असता तर? स्टेरॉइडनं खाज आणि लाली तेवढी दबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं, ती आतल्या आत पसरते, कड पुसट होते, गोलात गोल उठतात आणि मग डॉक्टरलाही लवकर ओळखू येत नाही. म्हणजे नायटा असो नाहीतर नसो, ही तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब आपल्या मनानं लावणं दोन्हीकडून चूकच.

नायटाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात जो हट्टी नायटा पसरलाय, त्यातल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नावच पडलंय, २०२० मध्ये जपानमध्ये भारतीय आणि नेपाळी पेशंटांच्या कातडीतून ती वेगळी ओळखली गेली. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर बऱ्याच वेळा चालतच नाही. घरातली चार माणसं एकदम खाजवतायत, मांडीच्या सांध्यात, कमरेच्या नाडीखाली चट्टे आहेत, कडेला खवले आहेत, तर तो नायटाच असण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदम दाखवावं, एकट्यानं औषध घेऊन तो घरातून जात नाही.

बाकी गोल दिसणारं अजून बरंच काही असतं. पित्ताच्या गांध्या गोल उठतात पण त्या काही तासांत जागा बदलतात, सकाळी दंडावर तर दुपारी पाठीवर. एक प्रकार असा की छातीवर किंवा पाठीवर आधी एक मोठा चट्टा येतो, आठ-दहा दिवसांनी बारीक बारीक पुष्कळ उठतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत सगळं आपोआप निघून जातं, त्याला पिटिरियासिस रोझिया म्हणतात. नाण्यासारखा गोल एक्झिमा असतो, तो ओला होतो आणि भयंकर खाजतो. मी काही डॉक्टर नाही, हे वाचून कुणी घरी बसून निदान करावं असं माझं म्हणणं नाही. एवढंच की गोल आकार बघून कुणीच निदान करू नये, मेडिकलवाल्यानं नाही, शाळेनं नाही आणि, माफ करा, पेपरनंही नाही.

आता मेडिकलवाल्या भावांना. २०१८ मध्येच केंद्र सरकारनं कातडीला लावायची चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. असल्या ट्यूबवर आणि तिच्या खोक्यावर उभी लाल रेघ असते, ती त्याचसाठी. गिऱ्हाइकानं मागितली तरी, गर्दी असली तरी, ओळखीचा असला तरी, एकदा म्हणा ना की आधी डॉक्टरला दाखवा. आमच्यासारखी माणसं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून येतात, तुम्ही नाही म्हटलं असतं तर आम्ही ऐकलं असतं. आणि वाचकांना सांगते, ट्यूब हातात आली की लाल रेघ बघा आणि नावात क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही वाचता येतंय का बघा, शेवटी सोन, लोन किंवा सोल असं काही दिसलं की विचारा. प्रत्येक सोल स्टेरॉइड नसतं, बुरशीच्या औषधांचीही नावं जवळजवळ तशीच, झोल अशी संपतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

सगळा दोष दुकानदाराचा असंही मी म्हणणार नाही. कातडीचा डॉक्टर तालुक्याला नाही. जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं, एक दिवसाची मजुरी बुडणार, माझी शिवणाची गिऱ्हाइकं थांबणार. ट्यूब शंभराच्या आत येते आणि मेडिकल चौकात आहे. माणूस चौकातच जाणार. म्हणून माझी आरोग्य खात्याला हात जोडून विनंती आहे. ग्रामीण रुग्णालयांत टीबीची थुंकी तपासायला मायक्रोस्कोप आहे, तो चालवणारा माणूस आहे, काचपट्ट्या आहेत. त्याच मायक्रोस्कोपखाली कातडीची ही खरवड बघता येते, लागतो तो फक्त पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि थोडं प्रशिक्षण. आठवड्यातून एक दिवस जरी ही तपासणी तालुक्याला सुरू झाली तरी नायटा कुठला आणि नसलेला कुठला हे तिथंच वेगळं होईल, आणि ज्याला गरज आहे तेवढाच माणूस पुढं जाईल. तोपर्यंत ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो, फोटो नीट उजेडात काढा, एक जवळून आणि एक लांबून, आणि लावलेल्या ट्यूबचाही फोटो काढून ठेवा.

शाळांनाही सांगायचंय. पोराच्या अंगावर काही दिसलं तर पालकांना बोलवा, एकट्याला बोलवा, आणि डॉक्टरचा कागद मागा. कागद येईपर्यंत त्याला दाराजवळ बसवू नका. खरा नायटा असला तरी तो शेजारी बसून अभ्यास केल्यानं लागत नाही, एकमेकांचे कपडे, टॉवेल, कंगवा वापरल्यानं आणि कातडीला कातडी घासल्यानं लागतो. चट्टा कापडानं झाकला आणि औषध सुरू केलं की पोरगं वर्गात बसू शकतं. आमच्या बाईंनी तो लॅमिनेट केलेला कागद वाचला, काही वेळ गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला पहिल्या रांगेत स्वतःच्या टेबलाजवळ बसवलं, ज्या पालकांनी तक्रार केली त्यांनाही बोलावून सांगितलं. हे मी आवर्जून लिहितेय, कारण चुकणारी माणसं सुधारतातही.

ट्यूब बंद करून आता पाच महिने झाले. पहिला महिना गोल परत जोरात वर आला, मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही धीर धरला. आता त्याची एक बाजू तुटलीय, अंगठ्याकडची, पूर्ण अंगठी राहिलेली नाही, आणि उरलेले मणीही बसत चाललेत. भोवतीची पातळ झालेली कातडी हळूहळू सुधारतेय, लाल शिरा अजून थोड्या दिसतात. बाहीला जोडलेलं कापड तिनं स्वतः उसवायला सांगितलं. राखी पौर्णिमेला चुलतभावाला राखी बांधताना मावशीनं विचारलं हे काय गं हातावर, तर तिनं हात तसाच पुढं धरला आणि ग्रॅन्युलोमा ॲन्युलेर असं न अडखळता सांगितलं, आणि म्हणाली लागत नाही कुणाला, हात लावून बघ.

संपादक साहेब, एक मागणं आहे. पुढच्या वेळी कातडीच्या रोगांवर माहिती छापाल तेव्हा दोन फोटो शेजारी शेजारी छापा, एक खवल्यांच्या कडेचा नायटा आणि एक हा गुळगुळीत मण्यांचा गोल, आणि खाली जवळच्या कातडीच्या डॉक्टरांकडून दोन ओळी घ्या. दुसरा फोटो हवा असेल तर माझ्या लेकीच्या हाताचा देते, फक्त हात, चेहरा नको. तिला विचारलंय, ती हो म्हणाली.

आपली,
एक आई आणि तुमची रोजची वाचक,
जि. सातारा